सांगली-साताऱ्याहून स्कापा फ्लोच्या बुडालेल्या युद्धनौकांपर्यंत: थंड पाण्यातल्या डायव्हिंगची तयारी

तारकर्लीला चार डायव्ह झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बुडालेलं खरंखुरं जहाज कुठे बघायला मिळेल? जागा पुष्कळ आहेत. पण जहाजं ऐतिहासिक हवीत, एकाच बंदरातून दिसावीत आणि साध्या स्कुबाच्या खोलीत असावीत, अशी अट घातली तर स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लोच्या तोडीची जागा शोधून सापडणार नाही. हा लेख आपल्याकडून निघून तिथे पोचू पाहणाऱ्यासाठी आहे. तयारीला दोन वर्षं धरा. त्यातली बहुतेक जहाजासाठी लागत नाहीत, थंडीसाठी लागतात. कपडे, वजन, हवा, प्रशिक्षण, सगळं त्या थंडीवर ठरतं, आणि आपल्याकडचा होतकरू डायव्हर नेमका तिलाच सगळ्यात शेवटी हात घालतो.

तिथे तळाशी आहे काय

११ नोव्हेंबर १९१८ ला पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम झाला आणि जर्मनीच्या आरमारातल्या ७४ नौका स्कापा फ्लोत आणून नजरकैदेत ठेवल्या गेल्या. तहाची बोलणी चालूच होती. या नौका ब्रिटिशांच्या हाती जाऊ नयेत म्हणून २१ जून १९१९ ला रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांनी इशारा दिला, आणि जर्मन खलाशांनी तळाच्या झडपा उघडून आपल्याच नौका बुडवल्या. ५२ नौका गेल्या. १९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगार व्यावसायिकाने त्यातल्या बऱ्याच वर काढून विकल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावातल्या माणसाला पहिलं महायुद्ध परकं नाही. त्याच युद्धाचं आरमार इथे पाण्याखाली पडलेलं आहे.

आज मोठ्या अशा सात नौका उरल्या आहेत. कोनिग, मार्कग्राफ आणि क्रोनप्रिन्झ विल्हेल्म या बॅटलशिप. कोल्न, ड्रेस्डेन, ब्रूमर आणि कार्ल्सरूह या क्रूझर. नावावर आणि आकारावर जाऊन सगळे आधी बॅटलशिपच्या मागे लागतात. माझा सल्ला उलटा आहे. वरच्या तोफांच्या जड बुरुजांमुळे तिन्ही बॅटलशिप उलट्या झाल्या, त्यामुळे नवख्याला बराच वेळ नुसता उपडा तळ दिसत राहतो, आणि पाहण्यासारखं जे आहे ते खाली, ३५ मीटरच्या पलीकडे. क्रूझर कुशीवर पडल्या आहेत. डेक, तोफा, नांगराच्या साखळ्या समोर उभ्या दिसतात. त्यातली कोल्न ३६ मीटरच्या आसपास तळाला टेकली आहे आणि सगळ्यांत चांगली टिकली आहे. कार्ल्सरूहचा तळ २६-२७ मीटरवर, म्हणून सुरुवात बहुधा तिच्यापासून करतात. पहिल्या खेपेला क्रूझर पोटभर पाहा.

घरच्या पाण्यात मोडायच्या सवयी

आपल्याकडे पोहायला शिकतात ते विहिरीत नाहीतर कृष्णेत, कमरेला डबा बांधून. पुरात आयर्विन पुलावरून उडी टाकणाऱ्याला पाण्याची भीती नसते हे खरं, पण डायव्हिंगला त्याच्या बाकीच्या सवयी आड येतात. विहिरीतला पोहणारा हात मारतो, श्वास धरतो, झटक्यात वर येतो. पाण्याखाली या तिन्ही गोष्टी चुकीच्या. हात अंगाशी निश्चल, श्वास कधीही न अडवता सावकाश, आणि वर येण्याचा वेग मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त नाही.

गावातल्या तरणतलावात परवानगी मिळाली तर मास्क, फिन्स आणि स्नॉर्कल घेऊन आठवड्यातून दोनदा जा. मास्कशिवाय, नाकात पाणी असताना स्नॉर्कलमधून पाच मिनिटं शांत श्वास घेता आला पाहिजे. फिन्स वरखाली आपटायच्या नाहीत, बेडकासारखे पाय मारायला शिका. जहाजावर साचलेला गाळ एका फटक्याने उठतो आणि मागच्याला काही दिसत नाही. कास, धोम, कण्हेर किंवा कुठल्या खाणीत सिलिंडर लावून स्वतःहून उतरायचं नाही. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय काही झालं तर वर मदतीला जाणतं कोणी नसतं.

थंडीबद्दलचा आपला अंदाजही फसवा असतो. माघातल्या पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, कारण जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला राहतं. स्कापा फ्लोत एप्रिलमध्ये पाणी ६-७ अंशांवर असतं, ऑगस्टअखेर-सप्टेंबरात १३ च्या आसपास. पहिली खेप त्याच दिवसांत ठेवा. बर्फाच्या टबात बसण्याची जी फॅशन निघाली आहे तिचा इथे फारसा उपयोग नाही. तिथे घालायच्या ड्रायसूटमध्ये, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या सूटमध्ये, थंड पाणी लागतं ते मुख्यतः चेहऱ्याला. त्यापेक्षा जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, पाठीमागचं बकल आणि हूक लावायचा-काढायचा सराव घरी करा. थंडीत आधी बोटं साथ सोडतात.

तारकर्ली, आणि परतीचा घाट

ओपन वॉटर कोर्सला खोलीची मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्डला ३० मीटर, डीप डायव्हिंगच्या विशेष कोर्सला ४० मीटर. आपल्याला जवळचं ठिकाण तारकर्ली. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पर्यटकांना हात धरून पाण्यात फिरवतात तो कोर्स नव्हे. प्रमाणपत्र मिळतं तो पूर्ण कोर्स करायचा. गोव्यात ग्रँड बेटाजवळ कमी खोलीवर एक जुनं जहाज आहे, तिथे सवय करून घ्या. कोर्सच्या जोडीला नायट्रॉक्सचं, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाचं, प्रमाणपत्रही घ्या, त्याचं कारण पुढे येईल. एकूण पन्नासेक डायव्ह झाल्याशिवाय ऑर्कनीचं बुकिंग करू नये असं माझं मत आहे.

आता आपल्या भागाची खास अडचण. डायव्हनंतर विमानात बसू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण घाट चढू नये हे फारसं कोणी सांगत नाही. खोल पाण्यात रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळलेला असतो. वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. त्याच्या प्रचलित मार्गदर्शक सूचना ६०० मीटर उंचीपासून लागू होतात: एकच डायव्ह असेल तर निदान १२ तास, एका दिवशी अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केले असतील तर १८ तास, आणि वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ थांबायचं. आंबोली ७०० मीटरच्या घरात, सातारा शहरही तेवढंच, आणि महाबळेश्वर १,३०० च्या वर. सांगली साडेपाचशेला आहे खरी, पण मधला घाट कोण चुकवणार? दुपारी मालवणात डायव्ह आणि रात्री जेवायला घरी, हा बेत सोडा. शेवटची रात्र कोकणातच काढा, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घाट चढा.

कोर्सच्या आधी डॉक्टरांकडे जायचं. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पण डायव्हिंगची माहिती असलेला विरळा. म्हणून डायव्हिंगची वैद्यकीय प्रश्नावली छापून सोबत न्या. दमा, कानाचा पडदा, हृदय याबद्दल खरं सांगा. चाळिशी ओलांडली असेल आणि रक्तदाब असेल तर जास्त जपा. थंड पाणी, घट्ट सूट आणि चढा रक्तदाब एकत्र आले की पाण्यातच फुप्फुसांत द्रव साचण्याचा धोका वाढतो. त्यात तरबेज पोहणाराही सुटत नाही.

ड्रायसूट: खरा अभ्यासक्रम

पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने खेचतं. तारकर्लीला चालणारा ३ मिलिमीटरचा वेटसूट इथे अर्ध्या तासात माणसाला निकामी करेल. ड्रायसूटमध्ये पाणी आत येतच नाही. मान आणि मनगटाला रबरी सील, आत उबदार अंतर्वस्त्र, आणि छातीवरच्या झडपेतून सूटमध्ये हवा सोडायची सोय. ऊब देतं ते अंतर्वस्त्र आणि त्यात अडकलेली हवा. बाहेरचा सूट फक्त कोरडं ठेवतो. पैसे कमी पडत असतील तर सूट मध्यम घ्या, अंतर्वस्त्र चांगलं घ्या. सुती काही आत घालू नका; घामाने ओलं झालं की दिवसभर गारठत बसाल.

शक्यतो मापाचा शिवून घ्या. मानेचं सील सैल असेल तर पाणी शिरतं, घट्ट असेल तर मानेवर दाब येऊन भोवळ येते. किंमत लाखाच्या पुढे जाते, म्हणून कोर्स भाड्याच्या सूटमध्ये करा आणि मगच खरेदी.

तंत्र असं. खाली जाताना दाबाने सूट अंगाला आवळत जातो, तेव्हा आवळ सुटेल इतकीच हवा थोडी थोडी सोडायची. वर येताना ती हवा फुगते. डाव्या दंडावरची झडप उघडी ठेवून डावं कोपर वर करायचं म्हणजे ती निघून जाते. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे हवा पायांत जाणं. पाय फुग्यासारखे वर होतात, डोकं खाली, झडपही खाली, मग हवा निघायला वाटच राहत नाही आणि माणूस उलटा वर फेकला जातो. उपाय ठरलेला आहे: गुडघे छातीशी घ्या, गोलांटी मारून सरळ व्हा, लगेच दंडाची झडप उघडा. हे तरणतलावात, प्रशिक्षकाच्या हाताखाली, इतक्यांदा करा की विचार करावा लागू नये.

सूटमध्ये हवा आली म्हणजे खाली जाण्यासाठी बांधायचं शिशाचं वजनही जास्त लागतं. तारकर्लीला दोन-तीन किलोवर भागत असेल तर इथे दहाच्या पुढे सहज जाल. पट्ट्यात ते एका जागी न अडकवता दोन-तीन ठिकाणी वाटा. आणि एक गोष्ट सूट विकणारा सांगत नाही: लघवीची सोय. त्यासाठी सूटला वेगळी झडप बसवतात, नाहीतर मोठ्यांचे डायपर. लाजून पाणी पिणं कमी करणारे बरेच असतात, पण शरीर कोरडं पडलं की नायट्रोजनच्या आजाराचा धोका वाढतो.

भारतात ड्रायसूटचं प्रशिक्षण मिळणं अवघड आहे, म्हणून ते इंग्लंडमध्येच करावं लागतं. लेस्टरशायरमधली स्टोनी कोव्ह आणि लँकेशरमधली कॅपर्नरे या पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. स्टोनी कोव्हची खोली ३५ मीटरपर्यंत जाते आणि सरावासाठी स्टेनगार्थ नावाची जुनी बोटही मुद्दाम बुडवून ठेवली आहे. ऑर्कनीच्या आधी तिथे चार-पाच दिवस द्या. खर्च वाढतो, पण स्कापा फ्लोत पहिल्यांदा ड्रायसूट घालणाऱ्याला बोटीवर घेतही नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

हवेचा हिशेब

कागद-पेन घ्या. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं म्हणजे २,४०० लिटर हवा. ३० मीटरवर दाब ४ बार. थंडीत श्वास वाढतो, म्हणून पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर धरा. ३० मीटरवर ते १०० लिटर होतात.

आता राखीव हवा. बडीची, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराची, हवा संपली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यायचं आहे असं समजा. घाबरलेले दोघं, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, मिळून ६०. तळाशी सावरायला एक मिनिट: ६० गुणिले ४, म्हणजे २४० लिटर. वर यायला ३ मिनिटं, सरासरी दाब अडीच बार: ४५० लिटर. पाच मीटरवर ३ मिनिटांचा थांबा, दीड बार: २७० लिटर. बेरीज ९६० लिटर, म्हणजे १२ लिटरच्या सिलिंडरमधले ८० बार. या हवेला हात लावायचा नाही. उरले १,४४० लिटर. ते १४ मिनिटांत संपतात, त्यातही उतरण्याचा वेळ आला. म्हणूनच स्कापा फ्लोत बहुतेक जण पाठीवर जोड सिलिंडर घेतात. राखीव तेवढंच राहतं आणि उरलेली हवा ३८ मिनिटं पुरते.

मग हवेऐवजी नायट्रोजन आडवा येतो. साध्या हवेवर ३० मीटरला रूढ तक्त्यांत विनाथांबा मर्यादा, म्हणजे सक्तीच्या थांब्याशिवाय वर येता येईल असा वेळ, सुमारे २० मिनिटं. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन जास्त, नायट्रोजन कमी, म्हणून वेळ वाढतो. पण ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारच्या वर नेऊ नये. ३२ टक्के मिश्रण त्या हिशेबाने ३३ मीटरपर्यंतच चालतं. कोल्नचा तळ त्याच्या खाली आहे! तिथे २८ टक्क्यांचं घ्या, ते ४० मीटरपर्यंत चालतं. प्रत्येक सिलिंडरचं मिश्रण स्वतः मोजा आणि त्यावर चिकटपट्टीने लिहा. दुसऱ्याने मोजलंय म्हणून सोडू नका.

सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटरही थंड पाण्याचा लागतो. दाबातली हवा सुटताना प्रसरण पावते आणि गारठते. आत बर्फ धरला की झडप उघडीच राहते आणि सिलिंडर डोळ्यांदेखत रिकामं होतं. युरोपीय प्रमाणाप्रमाणे ज्यावर दहा अंशांपेक्षा जास्त अशी खूण असते तो दहाच्या खालच्या पाण्यासाठी नाही. सिलिंडरवर बसणाऱ्या त्याच्या पहिल्या टप्प्याची बाहेरून सील केलेली रचना घ्या. बोटीवर गार वाऱ्यात तो तोंडात घेऊन श्वास घेत बसू नका, आणि सूट व तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट एकाच वेळी फुगवू नका.

ऑर्कनीचा आठवडा

बोटीचं बुकिंग आणि डायव्हिंगचा वेगळा विमा यांची सुरुवात निदान वर्षभर आधी करा; व्हिजिटर व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाआधी फार तर तीन महिने करता येतो. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरून स्क्रॅबस्टर ते स्ट्रॉमनेस फेरी दीड तासाची, आणि डायव्ह बोटी स्ट्रॉमनेसहूनच सुटतात. सिलिंडर आणि शिसं तिथे मिळतं. सूट, रेग्युलेटर, मास्क आपलं न्यायचं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. भडंग बॅगेत जाऊ द्या, साताऱ्याचे कंदी पेढे मात्र घरीच. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. बोट लागण्यावरची गोळी झोप आणते का ते घरी घेऊन पाहा, तिथे नव्हे.

पहिला डायव्ह कार्ल्सरूहवर मागा, जाणते कप्तान स्वतःच तसं ठेवतात. जहाजाला बांधलेल्या दोरीने उतरायचं. दोरीपाशी पोचल्यावर चेहरा पाण्यात घालून मिनिटभर नुसता श्वास लावा. गार पाणी तोंडावर लागताच धाप लागते, ती बसू द्या. मग उतरा. पाणी हिरवट काळसर, दृश्यमानता कधी पाच मीटर, कधी पंधरा, त्यामुळे टॉर्च भर दिवसाही लागतो. बडीच्या हातभर अंतरात राहा.

कुशीवर पडलेल्या जहाजात डोकं चक्रावतं. जी भिंत वाटते ती डेक असते, दरवाजे आडवे असतात. उतरण्याआधी कप्तानाने काढलेला नकाशा नीट पाहा आणि तोफ, नांगर, डोलकाठी अशा दोन-तीन खुणा पक्क्या करा. आत शिरायचं नाही. शंभर वर्षांचं पोलाद गंजून पत्रे सुटत चालले आहेत, आणि आतला गाळ उठला की बाहेरची वाट दिसत नाही. त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते या खेपेत बसत नाही.

वर येताना दोरी सापडेलच असं नाही. म्हणून खालूनच रिळाला बांधलेला फुगा वर सोडायचा आणि त्याच्या दोरीने यायचं, बोट त्या फुग्यावर येऊन उचलते. फुगा सोडताना रीळ अंगावर अडकवलेलं नको, नाहीतर तुम्हीही त्याच्याबरोबर वर जाल. हे जाड हातमोज्यांत करायचं असतं, घरच्या सरावाचा उपयोग इथे होतो. वर आल्यावर लगेच कढत पाण्याखाली उभं राहू नका. आधी कोरडे कपडे, गरम चहा.

दुसरा डायव्ह पहिल्यापेक्षा उथळ ठेवा. बऱ्याचदा तो बुरा साउंडमध्ये होतो, जिथे वाट अडवण्यासाठी ब्रिटिशांनी मुद्दाम जुनी जहाजं बुडवली. तिथे पाण्याला भयंकर ओढ आहे, फक्त भरती-ओहोटीच्या मधल्या थोड्या वेळात उतरता येतं. कप्तान म्हणेल त्याच मिनिटाला उडी, आणि नाही म्हणाला तर नाही.

सातही जर्मन नौका कायद्याने संरक्षित स्मारकं आहेत. एक खिळासुद्धा वर आणणं गुन्हा आहे. अजिंक्यताऱ्याच्या तटावर नावं कोरणाऱ्यांची आठवण होते. तिथे ते चालत नाही. १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडीने बुडवलेली ब्रिटिश युद्धनौका रॉयल ओकही याच पाण्यात आहे, तिच्यावर ८०० हून अधिक माणसं गेली. ती युद्धसमाधी आहे. तिथे डायव्हिंगला सक्त मनाई आहे, बोटवाल्याला विचारूही नका.

शेवटच्या डायव्हनंतर विमानाआधी पूर्ण दिवस मोकळा ठेवा. इथे सक्तीचे थांबे होतात, म्हणून २४ तासांच्या खाली येऊ नका. त्या दिवशी फेरीने हॉय बेटावर लायनेसला जाऊन स्कापा फ्लोचं संग्रहालय पाहा. बाहेर पडण्याआधी सूट गोड्या पाण्याने धुऊन उलटा करून वाळत टाका, झिपला मेण लावा आणि सील पावडर लावून ठेवा. ओला सूट गुंडाळून आणला तर सातारा गाठेपर्यंत त्याला बुरशी धरलेली असते.